पहिली प्लेबोट घेताना आधी पाणी पाहावे

नदीत वर्षानुवर्षे कयाक चालवलेल्या माणसाला प्लेबोट घ्यावीशी वाटू लागली, की तो हमखास एकच प्रश्न विचारतो : सध्या सर्वांत चांगली प्लेबोट कोणती? कोलाडला कुंडलिकेवर माझ्याबरोबर शिकलेले मित्र फोनवर हेच विचारतात आणि इथे इंग्लंडमध्ये शनिवार-रविवारी नदीवर भेटणारे सोबतीही हेच विचारतात. मी प्रत्येकाला उलट विचारतो, की सुटीच्या दिवशी फारसा खटाटोप न करता तुम्हाला गाठता येईल असे खेळण्याजोगे पाणी कोणते आहे? त्या पाण्यात स्थिर उभी राहणारी लाट आहे, स्टॉपर, म्हणजे जागच्या जागी उलटे फिरणारे पाणी आहे, की एडी, म्हणजे अडथळ्यामागचे संथ वा उलटे पाणी, आणि मुख्य प्रवाह यांच्यामधल्या नुसत्याच जोरकस रेषा आहेत? याचे उत्तर मिळेपर्यंत कंपनी, मॉडेल आणि रंग यांची चर्चा व्यर्थ आहे, असे माझे ठाम मत आहे. प्लेबोट ही एकाच जागी थांबून पाण्याशी खेळण्यासाठी घडवलेली नाव असते आणि ती जागा कशी आहे त्यावरच नावेची लांबी, तळ आणि घनफळ यांचा हिशेब अवलंबून असतो.

हे लिहिताना माझ्यासमोर जो वाचक आहे त्याचा रोल, म्हणजे उलटलेली नाव बसल्या बसल्या सरळ करणे, पक्का आहे, एडीतून प्रवाहात शिरणे आणि बाहेर पडणे त्याच्या अंगवळणी पडले आहे आणि तिसऱ्या श्रेणीच्या रॅपिडमध्ये, म्हणजे मध्यम अवघड खळाळत्या पाण्यात, त्याला धास्ती वाटत नाही. नवशिक्यासाठी नाव निवडणे तुलनेने सोपे असते, कारण त्याला पुष्कळ चुका पोटात घालणारी नाव हवी असते. अनुभवी माणसाची अडचण वेगळी आहे. त्याच्या शरीराला एका प्रकारच्या नावेची सवय जडलेली असते आणि त्या सवयींपैकी निम्म्या प्लेबोटीत उपयोगी पडतात, तर उरलेल्या निम्म्या आड येतात. कोणत्या आड येतात हे आधी समजून घेतले तर नावेची निवड बरीच सोपी होते.

नदी उतरण्याची आजची नाव साधारण २.४ ते २.७ मीटर लांब असते आणि तिचे घनफळ बहुधा २५० लिटरच्या पुढे जाते. तिची दोन्ही टोके वर उचललेली आणि फुगीर असतात, म्हणजे ती उतारावरून खाली आली की पाण्याखाली न जाता लगेच वर येते आणि स्टॉपरवरून सरळ पुढे निघून जाते. फ्रीस्टाइल, म्हणजे पाण्यावरच्या करामतींच्या स्पर्धेतली नाव मात्र जेमतेम १.८ मीटरच्या आसपास असते. तिचे बहुतेक घनफळ कॉकपिटभोवती, म्हणजे आपल्या मांड्या आणि कंबर असते तिथे एकवटलेले असते आणि टोके पातळ ठेवलेली असतात, कारण ती हवी तेव्हा पाण्यात बुडवता आली पाहिजेत. तळ सपाट असतो, त्यामुळे लाटेवर ती घसरत गोल फिरू शकते. तळाच्या दोन्ही बाजूंना धारदार कडा असतात, त्यामुळे ती पाण्याला घट्ट धरते आणि प्रवाहाच्या वरच्या बाजूची कड किंचित जरी खाली झुकली तरी क्षणात उलटते. पाण्याला टेकलेली लांबी कमी असल्यामुळे तिचा वेग कमी असतो, म्हणून नदीच्या नावेत केवळ जोराने पॅडल मारून जे स्टॉपर आपण ओलांडतो तिथे ही नाव अडकते. प्रवाह आडवा ओलांडतानाही (याला फेरी म्हणतात) टोक प्रवाहाच्या दिशेने अधिक वर रोखून धरावे लागते, नाहीतर आपण पलीकडच्या एडीच्या बरेच खाली जाऊन पोहोचतो.

आड येणाऱ्या सवयींपैकी सर्वांत मोठी सवय म्हणजे दचकल्यावर पाठ मागे टाकण्याची. फुगीर शेपटीच्या नावेत ती खपून जाते. पातळ शेपटीच्या नावेत पाठ मागे गेली, की एडीच्या रेषेवर मागचे टोक पाण्यात ओढले जाते आणि पुढचे टोक आकाशाकडे वळते. हीच क्रिया ठरवून केली तर तिला स्टर्न स्क्वर्ट म्हणतात आणि ती फार सुंदर दिसते. न ठरवता झाली, की माणूस उलटा होतो.

नव्या-जुन्या नावांच्या बाजारात ज्यांना ढोबळमानाने प्लेबोट म्हटले जाते त्यांत खरे तर बरीच विविधता आहे. पिरान्हा कंपनीची रिपर, डॅगरची रिवाइंड, जॅक्सनची अँटिक्स या हाफ स्लाइस जातीच्या नावा आहेत, म्हणजे त्यांचा पुढचा भाग नदीच्या नावेसारखा भरीव आणि मागचा भाग पातळ असतो. डॅगरच्या सुपरनोव्हासारख्या फुल स्लाइस नावांत दोन्ही टोके पातळ असतात. डॅगरची अ‍ॅक्सिअम, पिरान्हाची लोकी किंवा जॅक्सनची फन मालिका या मधल्या वाटेच्या नावा आहेत, ज्या दिवसभर नदीतून जाता जाता वाटेतल्या लाटांवर खेळण्यासाठी बनवल्या आहेत. आणि जॅक्सनची रॉक स्टार, डॅगरची जित्सू, पिरान्हाची जेड या निव्वळ फ्रीस्टाइलच्या आखूड नावा आहेत. यांतली कोणतीही कल्पना पूर्णपणे नवी नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यावर आलेली डॅगरची आरपीएम सुमारे २.७ मीटर लांब होती आणि तिची पातळ शेपटी पाहिली, की आजच्या हाफ स्लाइस नावांची पूर्वज कोण हे लगेच ओळखू येते. तिच्यानंतरच्या काही वर्षांत नावा झपाट्याने आखूड आणि सपाट तळाच्या होत गेल्या, कारण खेळ बदलला. पुढच्या आणि मागच्या टोकावर आळीपाळीने उभे राहत फिरण्याच्या कार्टव्हीलपेक्षा हवेत झेप घेऊन कोलांटी मारण्याच्या लूपला महत्त्व आले आणि झेप घ्यायची तर बुडवलेले घनफळ उसळून वर यायला हवे, म्हणून नावेच्या पोटात हवा वाढली. जुन्या वळणाच्या पातळ नावेत सपाट पाण्यावर कार्टव्हील लवकर साधते आणि नव्या वळणाच्या गुबगुबीत नावेत लूप लवकर साधतो. यांपैकी आपल्याला आधी काय शिकायचे आहे, हे खरेदीपूर्वी स्वतःशी ठरवून ठेवावे.

अनुभवी कयाकरला सध्या बहुतेक जण हाफ स्लाइस घ्यायला सांगतात. हा सल्ला प्रामाणिक असतो आणि पुष्कळांच्या बाबतीत योग्यही असतो. नदी तीच, मंडळी तीच, फक्त नाव बदलली, की गेली कित्येक वर्षे ओळखीचा असलेला रॅपिड पुन्हा नव्याने रंगतो, प्रत्येक एडीच्या रेषेवर काहीतरी करून पाहता येते आणि जेवणाचा डबा व प्रथमोपचाराची पिशवी ठेवायलाही जागा उरते. पण हाफ स्लाइस घेऊन स्टॉपरमध्ये खेळायला शिकता येईल, अशी अपेक्षा ठेवली तर ती पुरी होत नाही. २.७ मीटरची नाव अरुंद स्टॉपरमध्ये आडवी केली, की तिची टोके दोन्ही बाजूंच्या पडत्या पाण्यात सापडतात, ती फिरत नाही आणि माणूस नुसता हादरे खात बसतो. ज्याच्या घराजवळ एकाच जागी तासन्‌तास खेळता येईल असा स्टॉपर आहे त्याने हाफ स्लाइसवर पैसे घालवू नयेत, त्याने सरळ आखूड नाव घ्यावी, असे मी सुचवतो.

माझ्या घराजवळ तसा स्टॉपर आहे. मी नॉटिंगहॅममध्ये राहतो आणि इथल्या होम पिअरपाँटच्या राष्ट्रीय जलक्रीडा केंद्रात ट्रेंट नदीचे पाणी वळवून केलेला काँक्रीटचा कृत्रिम प्रवाह १९८६ पासून चालू आहे. २०२२ मध्ये फ्रीस्टाइल कयाकिंगची जागतिक स्पर्धा याच ठिकाणी झाली. त्या स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला ४५ सेकंद मिळतात आणि तेवढ्या वेळात एकाच लाटेवर किंवा स्टॉपरमध्ये त्याने ज्या करामती केल्या त्यांचे गुण मोजले जातात. सामान्य दिवशी तिथे आमच्यासारखी माणसे एडीत रांग लावून आपापली पाळी येण्याची वाट पाहत असतात. या पाण्याचा एक विशेष असा, की ट्रेंटला पूर आला म्हणजे ते अधिक जोरकस होण्याऐवजी मवाळ होते, कारण प्रवाहाच्या खालच्या टोकाची पातळी चढते, वरच्या आणि खालच्या पातळीतला फरक कमी होतो आणि स्टॉपर पुसले जातात. नदीची पातळी कमी असताना स्टॉपर खरे जागे असतात. त्यांत पाणी खोल आहे, उलटा प्रवाह जोरकस आहे, पण पळण्यासाठी लांब लाट नाही. अशा ठिकाणी वेगाची गरज कमी आणि उसळीची गरज जास्त असते, म्हणून आखूड आणि मध्यभागी भरपूर घनफळ असलेली नाव चालते.

याउलट टेम्स नदीवरच्या हर्लीच्या बंधाऱ्यावर सगळे गणित किती दरवाजे उघडे आहेत यावर ठरते. तिथे जाणारी मंडळी एकमेकांना पाण्याची पातळी विचारत नाहीत, आज किती गेट आहेत एवढेच विचारतात, कारण दरवाज्यांच्या संख्येनुसार त्याच जागी कधी मऊ स्टॉपर तयार होतो, तर कधी वेगवान लाट तयार होते. ज्याचे नेहमीचे पाणी हर्ली आहे त्याने थोडी लांब आणि वेगवान तळाची नाव पाहावी, कारण लाटेवर टिकून राहण्यासाठी नावेला स्वतःचा वेग असावा लागतो.

उत्तर वेल्समधल्या ट्रिवेरिन नदीवर मात्र मी माझी आखूड नाव क्वचितच नेतो. ती उथळ, खडकाळ आणि सलग उताराची आहे आणि आखूड नावेत उलटे झाल्यावर डोके खडकाच्या फार जवळ असते. या नदीचा उल्लेख करण्याचे आणखी एक कारण आहे. ट्रिवेरिनला उन्हाळ्यातही पाणी असते, कारण ते खिलिन केलिन या धरणातून सोडले जाते, आणि लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी बांधलेल्या त्या धरणाखाली १९६५ मध्ये कॅपेल केलिन हे वेल्श भाषकांचे गाव बुडाले. कुंडलिकेलाही उन्हाळ्यात पाणी असते ते भिऱ्याच्या टाटांच्या वीजकेंद्रातून सोडले जाते म्हणून. ते पाणी मुळशीच्या धरणाचे आहे आणि त्या धरणासाठी ज्यांची गावे व शेते गेली त्या मावळ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून सत्याग्रह केला. आपण ज्या नियमित पाण्यावर खेळतो त्याची ही किंमत कोणीतरी मोजलेली आहे, हे दोन्ही नद्यांवर मला सारखे जाणवते आणि नव्या मंडळींना ते सांगितल्याशिवाय मी राहत नाही.

नियमित पाण्याचा नाव निवडण्याशी थेट संबंध आहे. पावसावर अवलंबून असलेल्या नदीत लाट दर वेळी निराळी भेटते. धरणातून ठरावीक प्रमाणात सोडलेल्या पाण्यात मात्र तीच लाट त्याच जागी पुन्हा पुन्हा सापडते आणि शिकण्यासाठी त्यासारखी दुसरी सोय नाही. कुंडलिकेवर सकाळी पाणी सुटले, की राफ्टच्या बरोबरीने काही तासांत कोलाडच्या बाजूला उतरावे लागते. वाटेत छोट्या लाटांची मालिका आहे, पण दिवसभर थांबून खेळावे असा खोल स्टॉपर नाही. म्हणून तिथल्या मित्रांना मी अ‍ॅक्सिअम किंवा लोकीसारखी मधल्या वाटेची नाव, नाहीतर हाफ स्लाइस सुचवतो. दोन मीटरपेक्षा आखूड नावेत तेवढे अंतर कापताना खांदे भरून येतात आणि राफ्टचा तांडा पुढे निघून जातो. हृषीकेशला गंगेवर पाण्याचे आकारमान फार मोठे आहे, लाटा उंच आणि एडीच्या रेषा रुंद व जोरकस आहेत. पाऊस ओसरून पाणी निवळल्यानंतर तिथे पातळ शेपटीच्या नावेचा जो आनंद मिळतो तो मी इंग्लंडमधल्या एकाही नदीवर घेतलेला नाही.

पाणी ठरले म्हणजे मग माप. कंपन्या प्रत्येक मापासाठी वजनाची जी कक्षा देतात ती फार रुंद असते आणि दोन शेजारच्या मापांच्या कक्षा एकमेकींत शिरलेल्या असतात. त्यामुळे माझ्यासारख्या ७५ किलोच्या आसपासच्या माणसाला मध्यम आणि मोठी, ही दोन्ही मापे कागदावर चालतात. शिवाय ते वजन आंघोळीनंतर काट्यावर उभे राहून केलेले धरायचे नसते. ड्रायसूट, आतले गरम कपडे, हेल्मेट, लाइफ जॅकेट, स्प्रे डेक (कॉकपिट झाकणारे आवरण) हे सगळे चढवून, तेही ओले झालेले आहे असे समजून हिशेब करावा आणि त्यात सहज पाच किलोंची भर पडते. कक्षेच्या वरच्या टोकाला असलेल्या माणसाला नावेची टोके बुडवणे सोपे जाते, पण नदीत ती नाव खोल बसते आणि प्रत्येक लाट छातीवर येते. कक्षेच्या खालच्या टोकाला असलेला माणूस पाण्यावर तरंगत राहतो, त्याला उलटे होण्याची भीती कमी वाटते, पण पुढचे टोक पाण्याखाली नेण्यासाठी त्याला जीव तोडून जोर लावावा लागतो आणि काही महिन्यांनी त्याचा उत्साह मावळतो. अनुभवी कयाकरने कक्षेच्या मध्याच्या किंचित वर आपले वजन येईल असे माप घ्यावे, असे माझे मत आहे. त्याच्याकडे रोल आहे, त्यामुळे तरंगण्याची हमी त्याला नावेकडून नको असते.

हा सगळा हिशेब पायांपुढे मात्र निरुपयोगी ठरू शकतो. आखूड नावेत पुढे जागाच नसते. टाचा एकमेकींजवळ, बोटे पुढे ताणलेली, गुडघे बाहेर फाकवून वर मांडीच्या आधारांत रुतवलेले, अशी बैठक असते. नदीच्या नावेत पाय टेकण्यासाठी सरकती फळी असते, इथे बहुधा फोमचे ठोकळे पुढच्या पोकळीत बसवून त्यांवर पाय टेकवतात. ज्याचे पाऊल मोठे आहे त्याला वजनाने मध्यम नाव योग्य असूनही केवळ पावलासाठी मोठी घ्यावी लागते आणि त्यात कमीपणा काही नाही. बूट घालून बसण्याचा विचार सोडावा, जाड निओप्रीनचे मोजे पुरतात. मात्र नदीकाठी दगडांवरून नाव वाहून नेण्याची वेळ आली तर मोज्यांवर फार चालवत नाही, म्हणून पातळ तळाचे बूट आत मावतात का, हेही पाहून ठेवावे.

नाव घेण्यापूर्वी तिच्यात किमान अर्धा तास बसावे. पाच मिनिटे सगळ्याच नावा बऱ्या वाटतात. दहाव्या मिनिटाला अंगठ्याजवळ मुंग्या येऊ लागतात, पंधराव्या मिनिटाला पायाच्या वरच्या बाजूला डेकचा कंगोरा टोचू लागतो आणि विसाव्या मिनिटाला खरे कळते, की कमरेचा आधार फार खाली आहे की सीट फार सपाट आहे. खाली सतरंजी किंवा मॅट टाकून नाव एका कडेवर कलती धरावी. गुडघा उचलताच नाव त्याच क्षणी कलली पाहिजे, शरीर आधी आणि नाव मागाहून असे होता कामा नये. कमरेच्या दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी फट राहत असेल तर फोमचे पॅड वाढवावेत. हे सगळे घट्ट करून झाल्यावर स्प्रे डेक लावून एकदा बाहेर पडून पाहावे आणि गुडघे कुठेही न अडकता मोकळे होतात याची खात्री करावी. घट्ट बसणे आणि अडकून बसणे यांतला फरक जमिनीवर तपासता येतो, त्यासाठी पाण्यात उलटे होण्याची वाट पाहू नये.

त्यानंतर संथ पाण्यात तोल पाहायचा. आपण सरळ बसलेले असताना सोबत्याला काठावरून बाजूने पाहायला सांगावे. पुढचे आणि मागचे टोक पाण्यापासून सारख्या उंचीवर असले पाहिजे. मागचे टोक खाली असेल तर सीट पुढे सरकवावी, पुढचे खाली असेल तर मागे घ्यावी. आखूड नावेत सीट एका भोकाने सरकवली तरी नाव निराळी वाटते, इतका हा तोल नाजूक असतो. पुष्कळ जण नावेला दोष देतात, पण सीट आधीच्या मालकाच्या मापाने बसवलेली असते, एवढेच कारण असते.

आधीचा मालक म्हटले, कारण पहिली प्लेबोट जुनीच घ्यावी. नव्या नावेची किंमत इथे हजार पौंडांच्या वर जाते आणि ज्या नावेत आपण वर्षभरात काय शिकू हे अजून माहीत नाही तिच्यावर एवढा खर्च करण्यात अर्थ नाही. फ्रीस्टाइल खेळणारी मंडळी नवे मॉडेल आले, की जुनी नाव चांगल्या स्थितीत विकतात आणि ही नाव खडकांवर फार घासलेली नसते. ती पाहायला दिवसाउजेडी जावे. मी एकदा एका गृहस्थांच्या गॅरेजमध्ये ट्यूबलाइटखाली एक लाल नाव पाहिली, ती वरून चकचकीत होती. बाहेर अंगणात आणून उलटी केली आणि सीटच्या बरोबर खाली, जिथे कड आणि तळ जुळतात तिथे अंगठ्याने दाबले, तेव्हा केसाएवढी बारीक रेघ उघडली आणि अंगठा काढताच पुन्हा मिटली. गृहस्थांना स्वतःलाही ती माहीत नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येक जुन्या नावेचा तळ सीटखाली, टाचांखाली आणि दोन्ही कडांवर अंगठ्याने दाबत जातो. तळ पत्र्याच्या डब्यासारखा डबकन आत गेला तर त्या जागी प्लॅस्टिक पातळ झालेले आहे. नंतर नावेत बादलीभर पाणी ओतून, ती एकेका बाजूला कलती करून बाहेर कुठे ओल दिसते का हे पाहावे. सीटचे आणि हँडलचे बोल्ट, कमरेच्या पट्ट्याचे रॅचेट, पाणी सोडण्याचे बूच, हे सगळे हाताने फिरवून पाहावे. रॅचेट बदलता येतात, तळ बदलता येत नाही. बहुतेक नावा लिनिअर पॉलिथिलीनच्या असतात आणि ते प्लॅस्टिक वितळवून जोडता येते. पण काही जुन्या नावा क्रॉसलिंक पॉलिथिलीनच्या असतात, ते चिवट असले तरी एकदा तडकले, की सांधता येत नाही. म्हणून कोणते प्लॅस्टिक आहे हे विचारून घ्यावे.

भारतातून नाव घेणाऱ्यांसाठी इथे थोडे लिहितो. परदेशातून एकच नाव मागवायची तर वाहतूक आणि सीमाशुल्क मिळून ती फार महाग पडते. हृषीकेशला किंवा नेपाळमध्ये पोखऱ्याला येणारे परदेशी कयाकर हंगामाच्या अखेरीस नाव विकून जाण्याचा विचार करत असतात, त्यांच्याशी बोलून ठेवणे हा मला अधिक व्यवहार्य मार्ग वाटतो. काही विमान कंपन्या आखूड कयाक खेळाच्या सामानात घेतात, पण तिकीट काढण्यापूर्वी लांबी आणि वजन कळवून त्यांचे लेखी उत्तर मिळवावे.

मी शेवटी मध्यम मापाची जुनी रॉक स्टार घेतली. जॅक्सन कयाक ही कंपनी स्थापन करणारे एरिक जॅक्सन १९९२ मध्ये बार्सिलोना ऑलिंपिकच्या स्लॅलममध्ये, म्हणजे टांगलेल्या खांबांमधून वाट काढण्याच्या शर्यतीत, उतरले होते आणि पुढे फ्रीस्टाइलचे जागतिक विजेतेपद त्यांनी चार वेळा मिळवले. त्यांच्या नावांचा रोख नेहमीच स्टॉपरमधल्या उसळीकडे राहिला आहे आणि होम पिअरपाँटला मला तेच हवे होते. पहिले काही आठवडे मी ती कालव्याच्या संथ पाण्यातच चालवली. नाव एका कडेवर कलवायची, एक पॅडल देऊन पुढचे टोक वर उचलायचे आणि वर आलेले टोक पोटाच्या स्नायूंनी व दुसऱ्या पॅडलने खाली दाबायचे, याला डबल पंप म्हणतात आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या करामतींचे मूळ त्यात आहे. टोक पाण्यात गेल्यावर नाव उभी राहते आणि क्षणभर आपण पायांवर उभे राहून खालच्या पाण्याकडे पाहत असतो. ते साधू लागले तेव्हा स्टॉपरमध्ये शिरलो. तिथे सुरुवातीला नुसते आडवे बसून राहायला शिकावे लागते. खालच्या बाजूची कड पाण्यात झुकवायची, वरची उचलून धरायची, पॅडल खालच्या बाजूला हलके टेकवायचे आणि पाणी काय करते ते मांड्यांनी ऐकायचे. नदीच्या नावेत ज्या जागेतून बाहेर पडण्यासाठी आपण धडपडत होतो तिथे मुद्दाम थांबणे सुरुवातीला शरीराला पटत नाही. पण ते पटल्यावर नदीची समजही बदलते. स्टॉपर कुठे सैल आहे, त्याचे कोणते टोक उघडे आहे, पाणी कुठून बाहेर पडते, हे आता मला मोठ्या नदीतही दुरून दिसू लागले आहे.

बाकीच्या सामानाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पॅडल नदीच्या पॅडलपेक्षा काही सेंटिमीटर आखूड असावे, १९० ते १९४ सेंटिमीटरच्या दरम्यानचे बहुतेकांना चालते. स्प्रे डेक नव्या कॉकपिटवर घट्ट बसतो का हे पाहावे, जुना बसेलच असे नाही. नावेच्या टोकांत हवेच्या पिशव्या भराव्यात. हेल्मेटबाबत मात्र काटकसर करू नये. आखूड नावेत माणूस पुढे झुकून उलटा होतो आणि चेहरा तळाच्या दिशेने जातो, म्हणून उथळ पाण्यात खेळणाऱ्याने हनुवटी झाकणारे हेल्मेट घ्यावे आणि नावेच्या लांबीइतकी तरी खोली नसेल तिथे लूपचा प्रयत्नच करू नये. खांद्यांनाही जपावे. स्टॉपरमध्ये ओढले जात असताना हात डोक्याच्या वर गेला, की खांदा निखळण्याची भीती असते, म्हणून कोपरे नेहमी खाली आणि शरीराजवळ ठेवावीत.

आणखी एक प्रश्न बहुतेक सगळे शेवटी विचारतात, की प्लेबोट घेतल्यावर जुनी नदीची नाव विकून टाकावी का, म्हणजे थोडे पैसे सुटतील आणि गॅरेजमध्ये जागाही होईल. विकू नये. हिवाळ्यात वेल्समध्ये पाऊस लागला, नद्या काठोकाठ भरल्या आणि मंडळी उताराच्या, खडकाळ पाण्यावर निघाली, की त्या दिवशी आखूड नावेचे काही काम नसते. अशा वेळी गाडीच्या टपावर मोठी नाव चढते आणि रॉक स्टार घरी राहते. पुढच्या रविवारी ट्रेंटची पातळी उतरली, की उलट होते. गॅरेज लहानच असेल तर दोन नावा भिंतीवर एकीवर एक, पट्ट्यांवर टांगाव्यात, दांड्यांवर ठेवू नयेत, कारण महिनोन्‌महिने एकाच जागी दाब पडला, की त्यांचा तळ खोलगट होतो.